आठाचे सात

बुद्धिबळाच्या साखळी स्पर्धेत तळाच्या तिघींना मिळून तीन गुण तरी असतातच. कितीही वाईट खेळल्या तरी त्या एकमेकींशी खेळलेल्या असतात. तिथले तीन गुण बाहेरच्या कुणाला नेता येत नाहीत.

*

शेजारच्या वालिकोला डॉक्टरांनी 'काही नाही' म्हणून घरी पाठवलं. खरं काय ते त्याच्या बायकोला बाजूला घेऊन सांगितलं, रीतीप्रमाणे. वसंतात तो गेला, आणि मेलेल्यासाठी ओततात तशी सगळ्यांनी त्याच्या नावाने भाकरीवर दारू ओतली.

*

नातेलाला आईने लग्नात बुद्धिबळ आंदण दिलं होतं. पेटीच्या आत लाल मखमल होती, आता तपकिरी झालेली.

*

चुलीचं धुराडं तडकलं होतं. नातेलाचा नवरा ओतार म्हणायचा, रविवारी बघतो.

*

आठ खेळाडू असतील तर स्पर्धेअखेर गुणांच्या पाच हजार तीनशे दोन उतरंडी लागू शकतात. सात असतील तर एक हजार एकशे अकराच. गणिताच्या मास्तराने, म्हणजे ओतारने, हे एका हिवाळ्यात वर्तमानपत्रांच्या कडांवर मोजून काढलं होतं.

"त्यातली लागणार एकच," नातेला म्हणाली होती. "बाकीच्यांना जेवायला कोण घालणार?"

*

आठ जणींच्या स्पर्धेची तिसरी फेरी संपली तेव्हा नातेला अडीच गुणांवर होती, सगळ्यांच्या पुढे. छप्पन्नाव्या वर्षी. पहिली येईल ती पुढच्या स्पर्धेसाठी रिगाला जाणार होती, आणि कुतैसी गावचे लोक तिला रस्त्यात थांबवून विचारायला लागले होते की तिथून काय आणणार.

खोकला तेवढा जात नव्हता. दुसरा दिवस विश्रांतीचा होता, म्हणून ओतारने तिला दवाखान्यात नेलं. छातीचा फोटो काढला. डॉक्टरीणबाईंनी तिला पडद्यामागे कपडे घालायला पाठवलं आणि ओतारला आत बोलावलं.

तो बऱ्याच वेळाने बाहेर आला. तिच्याकडे न बघता त्याने तिची पिशवी उचलली. तीस वर्षांच्या संसारात त्याने तिची पिशवी कधी उचलली नव्हती.

"काय म्हणाल्या?"

"काही नाही म्हणाल्या."

वाटेत त्याने डाळिंबं घेतली, घासाघीस न करता. घरी येऊन ताटल्या विसळायला लागला, तिच्याकडे पाठ करून. नातेला त्याच्या खांद्यांकडे बघत राहिली. चुलीजवळ बसून ती खोकली, आणि खांदे थांबले.

"किती दिवस आहेत, ओतार?"

"अगं, काही नाही म्हणाल्या."

"वालिकोलाही काही नव्हतं."

तो पुढची ताटली विसळायला लागला. नातेलाने एक डाळिंब फोडलं आणि दाणे तसेच ताटलीत राहू दिले. मरणाची भीती तिला वाटली ती थोडा वेळ. मग तिला दुसरंच काहीतरी छळायला लागलं.

"उद्या डावाला बसले तर सातातले चार डाव होतात. निम्म्याच्या वर."

"हो."

"आणि मग मी पडले तर?"

"ज्यांच्याशी डाव राहिले त्या तिघींना बसल्याजागी एकेक गुण."

"उद्या बसलेच नाही तर?"

"तीन म्हणजे निम्म्याहून कमी. ते धरत नाहीत. तुझे डाव पुसून टाकतात, जणू तू आलीच नव्हतीस." त्याने हात पुसले. "पण तू खेळ, नातेला. इतक्या वर्षांनी पुढे आहेस. मी कोण अडवणारा?"

तिने आयुष्यात फुकटचा गुण घेतला नव्हता. एकदा समोरची बाई आजारी पडली, तर हिने पंचांशी भांडून डाव पुढे ढकलायला लावला होता. आता तिच्याच नावाने तीन पोरींना फुकटचे गुण वाटले जाणार, आणि त्यावरून रिगाला कोण जाणार ते ठरणार.

"मढ्याच्या टाळूवरचं लोणी चाटायला लावू का त्यांना?" ती म्हणाली. "नाही बसत मी."

ओतारने ताटली फडताळात ठेवली.

"लियाचं तरी बरं होईल," ती म्हणाली. "माझ्याशी हरली, ते पुसलं जाईल."

लिया ही ओतारच्या बहिणीची मुलगी. सातव्या वर्षापासून त्याच्याच हाताखाली शिकलेली.

"लियाचं काय घेऊन बसलीस," ओतार म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिने माघार सांगितली तेव्हा पंच बेसारियोन ओला फडका हातात घेऊन गुणांच्या फळ्यासमोर नुसताच उभा राहिला.

"नातेलाबाई, पुढे असताना कुणी उठतं का?"

"उठायचं तर पुढे असतानाच उठावं."

त्याने तिची, आठवी ओळ पुसली. मग प्रत्येकीच्या ओळीतलं तिचं घर पुसलं. लियाचा भोपळा गेला.

लिया धावत आली. म्हणाली, मामी, असं नको मला. नातेलाने तिच्या हातात आंदणाची पेटी दिली. रिगाला घेऊन जा, म्हणाली. जिंकायच्या आधीच हिला पाठवायला निघालात, असं बेसारियोन कुरकुरला. पण लिया जिंकलीच, अर्ध्या गुणाने.

त्या रविवारी ओतारने धुराडं सांधलं.

मे महिन्यात खोकला थांबला. नातेलाला जिने चढताना दम लागेना, भूकही लागायला लागली. तिला ठाऊक होतं, विझताना दिवा मोठा होतो. तिने पुरताना घालायचा काळा पोशाख इस्त्री करून टांगून ठेवला, आणि संध्याकाळी ओतारचा हात धरून बसायला लागली. इतकी माया या माणसाने आधी कुठे लपवली होती, असं तिच्या मनात यायचं. तो हात सोडवून घ्यायचा नाही, पण तिच्याकडे बघायचाही नाही.

विश्रांतीच्या त्या दिवशी, नातेला पडद्यामागे कपडे घालत असताना, डॉक्टरीणबाई ओतारला म्हणाल्या होत्या की फोटो अगदी स्वच्छ आहे, खोकला धुराचा आहे, आणि त्यांना उद्या खुशाल खेळू द्या.