सोडलं की पडतं

अंतराळातल्या कारखान्यात चार वर्षं बिनवजनाची काढून हेरंब चिपळूणला घरी परतला होता. इथे त्याला स्वतःचे हातसुद्धा जड वाटत. चहाचा घोट घेऊन त्याने सवयीने कप हवेतच सोडला. कप खळ्ळकन फुटला.

"झालं, आणखी एक!" वृंदा काचा गोळा करत म्हणाली. "आणि म्हणे लेकीला कडेवर घेतो!"

तो वर असताना जन्मलेली रेणू दाराआडून बघत होती. तो थकून भिंतीशी बसला, तशी ती आपणहून त्याच्या मांडीवर येऊन बसली आणि तिथेच झोपली.

हेरंबचे हात भरून आले.

"अहो, सोडा आता तिला. अंथरुणावर ठेवते."

"नको," तो म्हणाला. "इथे सोडलं की पडतं."