सत्तरचं ॲव्हरेज

धुळ्याहून फैजपूरला सासुरवाडीत पोहोचलेल्या रुपचंदभाऊंनी पाण्याच्या तांब्याला हात लावण्याआधीच आपल्या जुन्या मोटारसायकलचं कौतुक सांगायला घेतलं. कार्बोरेटर ते स्वतःच्या हातानं साफ करतात, उतार आला की इंजिन बंद करतात, आणि इतक्या लांब येऊनही गाडी रिझर्व्हला लागलेली नव्हती.

"आजबी सत्तरचं ॲव्हरेज शे, आबा."

सासरे मात्र गाडीच्या मागे, फाटकाकडे बघत होते. "आणि आमची रत्ना कुठं आहे, जावईबापू?"

"ती येईल मागून एस.टी.नं. डबल सीट बसलं की ॲव्हरेज पडतं."



पंचवीस वर्षांपूर्वी, लेकीला एस.टी.चे धक्के खावे लागू नयेत म्हणून, आबांनीच ही गाडी लग्नात दिली होती.