गाडी निघण्याआधी
शेतावरचं लग्न आटोपलं. सजवलेल्या गाडीत नवं जोडपं बसलं, ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं आणि शेतमालक धावतच आडवे आले. “जरा थांबा!” प्रत्येक लग्नात करायचे तसे ते गुडघे टेकून गाडीखाली बघू लागले. “काका, काय हरवलंय?” नवरदेवाच्या मित्राने विचारलं. सगळे हसले. शेतमालकांना ऐकूच आलं नाही. त्यांना दिसत होती ट्रॅक्टरच्या चाकामागे मातीत खेळणारी त्यांची तीन वर्षांची लेक, ठकी. त्या सकाळी त्यांनी न बघताच ट्रॅक्टर मागे घेतला होता. पुढे शेतीवरून मन उडालं, शेत लग्नकार्यांना द्यायला लागले. बायकोने मात्र ठकीचं नाव त्यांच्यासमोर पुन्हा कधीच काढलं नाही. ड्रायव्हरने हॉर्न दाबला, तरी त्यांना उठवेना. इतक्यात गाडीच्या पलीकडे बायकोही गुडघ्यांवर बसून वाकली. “ठकी इकडेही नाहीये हो,” ती म्हणाली. “उठा आता.”