तवंदीचा उतार

पी.

गिअरचा दांडा 'पी'वर होता. म्हणजे गाडी जागच्या जागी बांधलेली. तिचा ड्रायव्हर धर्मराजही.

बेळगावच्या गॅरेजात परशराम मिस्त्रीनं गिअरपेटीतलं तेल मोजायची पट्टी उपसली आणि फडक्यावर टेकवली. लाल तेल काळं पडलं होतं. करपल्याचा वास आला.

समोर दोन डबे. दोन्ही गोव्याच्या बंदरातून मागवलेले, दोन्हींतलं तेल लालच. एकानं या पेटीतल्या चकत्या धरतात, दुसऱ्यानं घसरतात. चुकीचं पडलं की पेटी गेली, आणि बरोबर कुठलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"कुठलंबी घाल रं," मारुतीराव म्हणाले. निपाणीचे तंबाखूचे व्यापारी, गाडीचे मालक. "गेलीच पेटी तर हितली बसवू, क्लचवाली. धर्मराजला परत वखारीत बसवतो. सावलीला, खुर्चीवर. काय रं?"

"व्हय आण्णा," धर्मराज म्हणाला. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली मेलेला होता. क्लच दाबायला तोच पाय लागतो.

आर.

म्हणजे मागं.

ट्रक उलटल्यावर एक आख्खा पावसाळा तो त्या खुर्चीवर बसला होता. तंबाखूच्या धुळीनं शिंकत, रस्त्यावरची गाडी न बघता आवाजावरून ओळखत. मग मारुतीरावांनी मुंबईच्या लिलावात ही परदेशी जीप घेतली. चारही चाकांनी ओढणारी, बिनक्लचची. खाली दोनच पेडल. धर्मराजनं उजवा पाय टेकवला आणि तो पुन्हा ड्रायव्हर झाला.

तवंदीचा घाट आला की ट्रकवाल्यांच्या सवयीनं तो दांडा न्यूट्रलला टाकायचा, इंजिन बंद करायचा. गाडी आपल्याच वजनानं निपाणीकडं उतरायची. फक्त वारा. त्या शांततेत त्याच्या तोंडून आपसूक शीळ निघायची. शेजारी मारुतीराव डोळे मिटून बसायचे.

"माझा धर्मराज आख्खा घाट फुकटात उतरवतो!" मारुतीराव बाजारात सांगत. आपली किंमत तेवढीच, हे धर्मराजनं मनाशी धरून ठेवलं होतं.

एन.

ना पुढं, ना मागं.

मारुतीराव चहाला गेले. परशरामनं पट्टीच्या मुठीवरचा मळ रॉकेलनं धुतला. खाली कोरलेली अक्षरं निघाली. तीच अक्षरं डाव्या डब्यावर होती. धर्मराजनं तो डबा उचलून परशरामपुढं ठेवला.

"पर गड्या, तुझ्या सीटखाली रिकामा डबा हाय, त्यावरबी हीच अक्षरं," परशराम म्हणाला. "म्हंजे आधीचं तेलबी बरोबरच हुतं. मग करपलं कसं? उताराला इंजन बंद करतोस काय?"

"समदीच करत्यात."

"समद्यांच्या गाडीला क्लच हाय! हितं तेल फिरवायचा पंप इंजनावर चालतो. इंजन बंद, तेल बंद. पेटी कोरडीच पळती. अजून एकदा घाट असा उतरलास, की संपली बघ."

धर्मराजनं मनात हिशेब मांडला. फुकटात उतरावं तर पेटी जाते. पेटी राखावी तर फुकटात उतरवणारा धर्मराज उरत नाही. दोन्ही वाटा त्या एकाच खुर्चीपाशी जात होत्या.

परशराम डाव्या डब्यातलं तेल ओतू लागला. धार लालभडक होती.

डी.

म्हणजे पुढं. तवंदीचा माथा. खाली वखारींची पत्र्याची छपरं उन्हात चमकत होती.

"हं, कर बंद," मारुतीराव सरसावून बसले.

धर्मराजचा हात दांड्यावर गेला. तिथंच थांबला.

"न्हाय आण्णा."

"काय झालं?"

"तेल कधीच चुकलं नव्हतं. मीच जाळलं त्ये, घाटात इंजन बंद करून करून. आता पेट्रोल किती जायचं त्ये जाऊ दे, मी बंद करणार न्हाय. मग खुर्चीवर बसवायचं तर बसवा."

एक वळण गेलं. दुसरं गेलं. इंजिन घुमत होतं.

"पेट्रोलचं कोण बोललं रं?" शेवटी मारुतीराव म्हणाले. "इंजनाच्या आवाजात तुझी शीळ ऐकू येत न्हाय, म्हणून म्हणत हुतो बंद कर. आता जरा मोठ्यानं घाल."