वरचा प्लग

डिफरन्शियलचं तेल बदलल्याशिवाय टॅक्सी धंद्यावर निघणार नव्हती, आणि तेल भरायचा वरचा प्लग काही केल्या हलेना. तो सुटल्याखेरीज जुनं तेल सोडायच्या खालच्या प्लगला हात लावायची सोय नव्हती. नाहीतर ते निघून गेलं असतं आणि नवं भरता आलं नसतं. शेवटी पान्याला लांब पाइप जोडून दोघं बापलेक त्यावर लोंबकळले, तेव्हा कुठे तो करकरत फिरला.

“बाबा, कुणा राक्षसाकडून आवळून घेतला होतात?”

“तेव्हा माझा हात प्लास्टरमध्ये, तू परगावी. तुझ्या आईनं आवळला. नुसत्या पान्यानं.”

मुलगा तळहातावरच्या प्लगकडे बघतच राहिला. तेवढ्यात आई दारात आली आणि बरणी पुढे करत नेहमीसारखीच म्हणाली, “एवढं झाकण काढून दे रे राजा, मला मेलीला जमत नाही.”