आता दुखत नाही

हॉटेलच्या तळघरात दर सोमवारी कर्मचाऱ्यांचे दात सक्तीनं पांढरे केले जात आणि त्यासाठी डॉक्टर सुनेत्रा देवगडे स्वतः येई. स्वागतकक्षातली हेमलता बावणे खुर्चीत बसली खरी, पण तोंड उघडेना.

"पूर्वीचं औषध दाताच्या गाभ्यापर्यंत झिरपायचं, नस ठणकायची," ती म्हणाली. "दुखतं म्हटलं की सोडून द्यायचे. तुम्ही गाभा वाचवणारं औषध काढलंत आणि माझी ती एक सबबही गेली. मला माझे पिवळे दातच हवेत."

कळवळणारे पेशंट पाहूनच सुनेत्रानं ते औषध शोधलं होतं. लोक दुवा देतील, असं तिला वाटलं होतं.

दारातून व्यवस्थापक खांडवे म्हणाला, "डॉक्टर, हिला अपाय होणार असेल तर सांगा. लगेच सोडतो."

एका खोट्या शब्दानं भागलं असतं. पण आयुष्यभर खपून सिद्ध केलेलं स्वतःच्याच तोंडानं नाकारणं सुनेत्राला जमेना.

"काही होणार नाही," ती म्हणाली.

हेमलतानं तोंड उघडलं. औषध लावून होईपर्यंत तिनं सुनेत्रावरची नजर हलवली नाही. मग ती उठली, तिनं चूळ भरली आणि बेसिन शेजारी असूनही सुनेत्राच्या पायांवर टाकली.