गवत

कळी सात मिलिमीटरची होती, फिकट जांभळी. वणव्याने काळ्या पडलेल्या उतारावर दुसरा कुठलाच रंग नव्हता. हे झुडूप जळाल्यावरच असं फुलतं. अरुंधतीने चार वर्षं त्याची नोंद ठेवली होती. दुर्मीळ रोपं विकणारे उपटून नेतील म्हणून जागा मात्र शोधनिबंधात लिहिली नव्हती.

तीस पावलांवर जेसीबी वृक्षारोपणाचे खड्डे खणत होता. "थांबवा ते," ती सरपंच चांगुणाताईंना म्हणाली. "फुलं चिरडतायत."

"कसली फुलं? सगळा कोळसा झालाय, म्हणून तर झाडं लावतोय."

"आधी विचारायचं तरी."

"दरवर्षी विचारलं की ओ मॅडम. काय शोधताय म्हटलं, तर तुम्ही म्हणायच्या, गवत." ताई हसल्या. "गवतासाठी कोण यंत्र थांबवतं?"

अरुंधतीला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. ते खोटं तिचंच होतं. जेसीबीने आणखी एक झुडूप मुळासकट उचललं.

"ताई, यंत्र थांबवा आणि लिहून घ्या," ती म्हणाली. "हे फूल जगात फक्त याच उतारावर सापडलंय. आता गावाच्या नावासकट सगळ्यांना सांगणार आहे मी."